शेताची मोजणी झाली, घराची राहिली

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. आजोबांच्या नावाने आलेली भूसंपादनाची नोटीस तिच्यात जपून ठेवलेली आहे. खाडीकडच्या आमच्या भातशेतीचं क्षेत्र त्या नोटिशीत एकर, गुंठे आणि आण्यांपर्यंत लिहिलेलं आहे. त्याच पेटीत घराचा म्हणून एकच कागद सापडतो, तो ग्रामपंचायतीच्या नमुना ८चा उतारा. घर क्रमांक, मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, घरपट्टी इतके रुपये. घर किती लांब, किती रुंद, ओटा कुणाचा, मागची बोळ कुणाची, याबद्दल एक अक्षर नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथल्या बहुतेक पेट्यांत यापेक्षा वेगळं काही निघणार नाही.

माझ्या चुलतभावाने घर नव्याने बांधायला कर्ज मागितलं, तेव्हा बँकेने मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मागितली. ती नव्हती. त्याने घरपट्टीच्या पावत्या नेल्या, वीजबिलं नेली, खासगी सर्व्हेअरकडून टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रावर काढून घेतलेला नकाशाही नेला. कर्ज मिळालं नाही, आणि बँकेचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. घरपट्टीच्या पावतीवरून कर भरल्याचं कळतं, मालकी कळत नाही. खासगी नकाशा कितीही अचूक असो, शेजाऱ्यांना नोटीस देऊन आणि सरकारी अभिलेखाशी ताडून तो काढलेला नसतो. शेवटी भावाने ओळखीतून जास्त व्याजाने पैसे उचलले. आजही तो ते फेडतो आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या ज्या गावठाणांचं आणि कोळीवाड्यांचं नगर भूमापन राहिलं आहे, ते पुनर्विकासाच्या कुठल्याही योजनेआधी पुरं झालं पाहिजे. नगर भूमापन म्हणजे घरागणिक मोजणी आणि तिच्याबरोबर हक्काची चौकशी. दुसऱ्या कुठल्या कामासाठी काढलेला नकाशा त्याच्या जागी चालवून घेता कामा नये.

असं म्हणण्याचं कारण मोजणीच्या स्वभावातच आहे. ज्याने मोजणी सांगितली, त्याच्या प्रश्नापुरतंच ती उत्तर देते. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, ती पृथ्वीचा आकार आणि देशातल्या ठिकाणांची नेमकी स्थानं ठरवायला. डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर नजर टाकणाऱ्या त्या मोजणीला शेताचा बांध दिसायचं कारणच नव्हतं. बांध पाहिला तो महसुली मोजणीने. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवायला घेतली, ती १८४७च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यात पक्की झाली. सर्व्हे नंबर पाडायचे, साखळीने क्षेत्र काढायचं, मातीची प्रतवारी आण्यांत ठरवायची आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून द्यायचा. ३३ फुटांची ती साखळी, तिचे १६ आणे. साखळी लांब, साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. मापाचे आकडे मेट्रिक झाले, पण आपल्याकडे जमिनीचं बोलणं अजून त्या साखळीतच चालतं. टिपण, फाळणी, आकारबंद हे शब्दही त्याच घरातले.

या सगळ्या खटाटोपाचा हेतू सारा होता. गावठाणातल्या घरांवर शेतसारा नव्हता, म्हणून गावठाण मोजायची गरज कुणाला वाटली नाही. गावाच्या महसुली नकाशावर भोवतालचं एकेक शेत नंबरासकट दिसतं, आणि मधे गावठाण म्हणून एक अखंड ठिपका. त्याच्या आत काहीच नाही. घरं होती, वाटा होत्या, देऊळ होतं, तळं होतं, पण विचारणाऱ्याला त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं.

कुणी म्हणेल, ठिपक्याची बाहेरची रेघ तरी आहे ना, तिच्यावर भागवू. इथे थोडं गणित करून पाहावं. इंचाला ६६० फूट हे गावनकाशांचं नेहमीचं प्रमाण, म्हणजे एकास ७,९२०. त्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर जवळजवळ चार मीटर रुंद होते. भाताच्या खाचरात चार मीटर इकडे-तिकडे झाले तर बांधावर बसून मिटवता येतं. आमच्या आळीत चार मीटर म्हणजे एका घराची अख्खी पुढची खोली. नगर भूमापनाचा नकाशा एकास ५०० प्रमाणावर काढतात. तीच रेघ तिथे २५ सेंटिमीटरची होते, भिंतीच्या जाडीएवढी. दोन्ही कागदांना आपण नकाशाच म्हणतो. एकाने सारा ठरवता येतो, दुसऱ्याने घर.

भूमी अभिलेख कार्यालयाच्या खिडकीशी उभं राहिलं की कळतं, मोजणी हा एकच शब्द पुरत नाही. शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून येणारा हद्द कायम मोजणी मागतो. तिथे भूकरमापक जुन्या टिपणावरून, म्हणजे मूळ मोजणीच्या नोंदीवरून, मूळ हद्द जमिनीवर दाखवून देतो. नवी हद्द ठरवणं हे त्याचं कामच नाही. भावाभावांत वाटणी झाली असेल तर पोटहिस्सा मोजणी. इमारत बांधायची तर बिनशेती मोजणी, तीत रस्ता, मोकळी जागा, भूखंड असं सगळं येतं. न्यायालयात दावा असेल तर कोर्ट कमिशनची वेगळी. झालेली मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी. मोजणी झाली की हातात ‘क’ प्रत पडते आणि माणूस ती जन्माचा दाखला असल्यासारखी जपतो. पण हद्द कायमच्या ‘क’ प्रतीवरून मालकी सिद्ध होत नाही, आणि पोटहिस्स्याच्या नकाशाने शेजाऱ्याशी असलेला वाद सुटत नाही. हे समजावून सांगायला खिडकीत कुणाला वेळ नसतो. चुकीची मोजणी मागवून पैसे आणि वर्ष घालवलेली माणसं माझ्या नात्यातच आहेत. या प्रकारांची साध्या मराठीतली एक पाटी तिथे लावली तरी किती हेलपाटे वाचतील.

आमच्या भागाच्या नशिबी मात्र यांतली कुठलीच मोजणी आधी आली नाही. आली ती भूसंपादनाची.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांची ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरली. तेव्हा लागू होता तो १८९४चा भूसंपादन कायदा, आणि जमीन आखून, मोजून, तिचा नकाशा करा असं त्याच्या आठव्या कलमातच सांगितलेलं होतं. त्याप्रमाणे खारी, म्हणजे खाडीकाठची शेतं, मोजल्या गेल्या, मिठागरं मोजली गेली, वरकस म्हणजे हलकी जमीनही मोजली गेली. घेणाऱ्याला किती मिळणार आणि किती पैसे द्यायचे, एवढाच त्या मोजणीपुढचा प्रश्न होता. आणि गावठाण संपादनातून वगळलेलं होतं, म्हणून ते याही वेळी मोजणीच्या बाहेर राहिलं. शंभर वर्षांत दोनदा मोजणीदार गावात येऊन गेले, आणि दोन्ही वेळा उंबऱ्याशी येऊन परत फिरले.

भूसंपादनाच्या मोजणीत झालेली चूक किती लांबवर पोचते, याचा हिशेब आमच्याकडे घरोघरी आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या १६ आणि १७ जानेवारी १९८४च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. सामाजिक सुविधांसाठीची वजावट जाता प्रत्यक्षात हातात पडतात पावणेनऊ टक्के. एकराला साधारण ३५४ चौरस मीटर. म्हणजे संपादनाच्या वेळी एक गुंठा कमी लागला असेल, तर आज जवळजवळ नऊ चौरस मीटर गेले. नवी मुंबईत नऊ चौरस मीटर म्हणजे एक खोली. साखळी नीट ताणली होती की नाही, मोजणीच्या दिवशी खातेदार हजर होता की नाही, त्याला नोटीस मिळाली होती की नाही, यावर पन्नास वर्षांनंतर नातवाची खोली अवलंबून राहते. म्हणून मोजणीच्या नियमांतला नोटिशीचा आणि पंचनाम्याचा भाग मला यंत्राच्या अचूकपणाइतकाच मोलाचा वाटतो.

दरम्यान घरं वाढली. शेत गेलेलं, कुटुंब तिप्पट झालेलं, आणि जमीन महसूल संहितेत गावठाणाची हद्द वाढवायची तरतूद असूनही हद्द जागच्या जागी. मग लोकांनी गावाला लागून आपल्याच जुन्या शेतात, जी कागदावर आता सिडकोची होती, घरं बांधली. गरजेपोटी घरं हा शब्द त्यातून रूढ झाला. ती नियमित करायचे निर्णय झाले, आणि त्यात गावठाणाच्या हद्दीपासून अमुक मीटर असा निकष आला. आधी दोनशे, नंतर २०२२च्या शासन निर्णयात अडीचशे. पण अडीचशे मीटर मोजायला सुरुवात कुठून करायची? चार मीटर जाडीच्या त्या रेघेच्या आतल्या कडेपासून की बाहेरच्या? आणि ती रेघ ज्या वडापासून, ज्या बांधापासून, ज्या दगडापासून काढली होती, तो दगड आता कुठल्या सेक्टरच्या रस्त्याखाली आहे? मूळ हद्दच जमिनीवर पक्की नसताना तिच्यापासून अंतर मोजायचं म्हणजे निर्णय कागदावर उदार आणि अंमलात ज्याची ओळख त्याचा, असं होणारच. त्या एका पट्टीने किती कुटुंबं आत येतील आणि किती बाहेर राहतील, ते मोजणीच्या पहिल्या खुणेवर ठरणार आहे.

केंद्राने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. आधी हद्दींवर चुन्याच्या रेघा मारायच्या, मग ड्रोन उडवायचा, त्यावरून नकाशा, मग चौकशी, मग सनद. बेत चांगला आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या कितीतरी लोकांना त्यातून घराचा पहिला कागद मिळाला. पण ही योजना ग्रामीण गावठाणांसाठी आहे. आमची गावं महापालिकेत गेली, म्हणून खेडं म्हणून मिळणारं आम्हाला मिळत नाही. आणि शहर म्हणून जे नगर भूमापन मिळायला हवं, ते सगळीकडे पुरं झालेलं नाही. काही गावठाणांत झालं, काहींत सुरू होऊन थांबलं. मुरबाड-शहापूरच्या एखाद्या पाड्यातल्या माणसाच्या हातात घराचा नकाशा असावा आणि तीस-पस्तीस वर्षं महापालिकेचा कर भरणाऱ्याच्या हातात नसावा, हे कुठल्याही न्यायात बसत नाही.

मग आमच्याकडेही ड्रोन उडवा, झालं, असं बरेच तरुण मित्र म्हणतात. त्यांचा उत्साह मला समजतो. उपग्रहाच्या संकेतावर चालणारी स्थिर संदर्भ केंद्रं आणि हातातला रोव्हर यांच्यामुळे आता सेंटिमीटरांत स्थान मिळतं, पूर्वी दिवस लागायचा ते काम तासाभरात होतं. पण ड्रोनला छप्पर दिसतं. आमच्या आळीत दोन घरांची छपरं एकमेकांवर आलेली आहेत, खाली भिंत एकच आहे, आणि ती भिंत कुणाची हे दोन म्हाताऱ्यांना माहीत आहे. जिथे चार मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, तिथे वरून फट दिसत नाही आणि खालच्या बोळात उपग्रहाचा संकेत धड पोचत नाही. तिथे फीत घेऊन चालावंच लागतं. आणि चालून झाल्यावरही खरं काम उरतं, ते चौकशीचं. संहितेच्या १२६व्या कलमाखाली गावठाणाची मोजणी झाली की चौकशी अधिकारी प्रत्येक जागेबद्दल विचारतो: धारक कोण, कशाच्या आधारे, वहिवाट कुणाची, वाटेचा हक्क कुणाला, सरकारी किंवा सामाईक जागा कोणती. लोकांना हरकत घेता येते. निर्णय होतो, आणि मगच मिळकत पत्रिका उघडते. जुन्या ठाण्यात हे फार पूर्वी झालं. म्हणूनच तिथल्या दस्तात अजून टिका नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर वाचायला मिळतो.

ठाण्यात आता वेगळीच गल्लत होते आहे. समूह विकास योजनेसाठी, म्हणजे बऱ्याच इमारतींचा एकत्र पुनर्विकास करणाऱ्या ‘क्लस्टर’साठी, घरोघरी जाऊन बायोमेट्रिक सर्वेक्षण केलं जातं. कोण राहतो, कधीपासून, किती क्षेत्रात, याची ती नोंद. ती माणसांची गणना आहे. तिच्यावरून पुनर्वसनात कुणाला सदनिका द्यायची ते ठरतं. जमीन कुणाची हे तिच्यातून ठरत नाही, आणि ठरवूही नये. गावठाण-कोळीवाड्यांतले लोक आम्हाला क्लस्टरमधून वगळा असं म्हणतात, त्यामागे हीच भीती आहे, की एकदा रहिवासी म्हणून अंगठा उमटला की धारक म्हणून कुणी विचारणार नाही. मला ही भीती रास्त वाटते. ज्याच्या पिढ्या त्या जागेवर गेल्या, त्याच्या हाती पात्रतेची पावती देऊन जमिनीचा प्रश्न मिटत नाही. तसंच विकास आराखड्याचं. नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याआधी विद्यमान भूवापराचा नकाशा करावा लागतो. त्यात आमची वस्ती एका रंगात रंगते, निवासी. त्या रंगावरून सरळ पट्टीने रस्ता ओढला जातो, आणि हरकती मागवल्या की गावाला कळतं की रस्ता ओट्यावरून चालला आहे. घरागणिक नकाशा आधी तयार असता तर आखणाऱ्यालाच ते दिसलं असतं.

सामाईक जागांबद्दल मला जास्त काळजी आहे. घर कसंबसं टिकतं, कारण त्यात माणूस राहतो. चेंदणीसारख्या शहराच्या पोटातल्या कोळीवाड्यात काय किंवा खाडीकाठच्या दिवाळ्यात काय, जाळी सुकवायची जागा, होड्या ओढायची जागा, वाळवणाची खळी, होळीचं मैदान हे सगळं वापराने सर्वांचं असतं. महसुली नोंदीत ते पडीक किंवा सरकारी असतं. किनारा नियमनाच्या अधिसूचनेत मच्छीमारांच्या वस्त्या आणि त्यांच्या सामाईक जागा नकाशावर दाखवायला सांगितलेलं आहे. म्हणजे भरतीरेषेची मोजणी करणाऱ्यालाही या जागा टाळता येत नाहीत. त्या जागांचे तुकडे आज मोजून, सामाईक म्हणून मिळकत पत्रिकेवर चढवले नाहीत, तर उद्या तिथे वाहनतळ येईल आणि आपल्याकडे दाखवायला फक्त आठवण असेल.

आणि उंची. आमच्याकडे क्षेत्राचा हिशेब सगळे करतात, लेव्हलचा कुणी करत नाही. नवी मुंबईचे बरेच नोड, म्हणजे उपनगरं, भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर भराव करून उभे राहिले. पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव केले. भोवताली भराव चढला की मधलं गाव बशीच्या तळाशी जातं. विमानतळाच्या भरावानंतर पारगाव-डुंगीत पाणी शिरलं ते सगळ्यांनी पाहिलं. गावठाणाची मोजणी कराल तेव्हा उंबऱ्याची उंचीही घ्या, असं माझं मागणं आहे. दुसऱ्यांदा कुणी येणार नाही.

आता आपल्या माणसांबद्दल. आमच्याही गावात मोजणीदारांना लोकांनी परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. मोजणी झाली की बांधकाम बेकायदा ठरेल, नोटीस येईल, जेसीबी येईल. ज्यांच्याकडे आजवर जेव्हा जेव्हा साखळी आली तेव्हा तेव्हा काहीतरी गेलं, त्यांना मी कोणत्या तोंडाने दोष देऊ? सरकारने आधी लेखी सांगावं की या मोजणीतला कागद पाडकामाच्या कारवाईत वापरला जाणार नाही. त्याशिवाय दार उघडणार नाही. पण भीतीचं दुसरं एक कारण आपण उघड बोलत नाही. चौकशी झाली की धारक कोण हे लिहावं लागतं, आणि मग बहिणींची नावं येतात. कर्ता म्हणून थोरल्या भावाच्या नावावर घरपट्टी निघते आणि बाकी सगळे गप्प बसतात, हे पुष्कळांच्या सोयीचं आहे. माझ्या मते बहिणींची नावं यावीत म्हणूनही ही मोजणी व्हायला हवी. वाद होतील. ते आजही आहेत, फक्त कागदाअभावी दबलेले आहेत, आणि इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की पोलीस चौकीत फुटतात.

क्रम साधा आहे. आधी गावठाणाची मूळ हद्द गावासमोर, ग्रामस्थांना बोलावून, जमिनीवर दगड रोवून कायम करायची. मग तिच्या आतलं घर न् घर, बोळ न् बोळ. मग हद्दीबाहेरच्या गरजेपोटी घरांची वेगळी मोजणी, कारण तिथे जमिनीची मालकी वेगळी आहे आणि दोन्हींची सरमिसळ केली तर दोन्ही अडकतात. चौकशी गावातच, देवळाच्या सभामंडपात, शनिवार-रविवारी, म्हणजे कामावर जाणाऱ्यांना हजर राहता येईल. आणि हे पुरं होईपर्यंत त्या त्या गावठाणात क्लस्टर किंवा आराखड्यातला रस्ता पुढे रेटायचा नाही. भूमी अभिलेख खात्यात माणसं कमी आहेत, हे मला ठाऊक आहे. मेट्रोची आणि महामार्गांची संयुक्त मोजणी मात्र माणसं कमी म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेली मी पाहिली नाही.

घाई करायला आणखी एक कारण आहे. माझी आत्या ऐंशी ओलांडून गेली आहे. आमच्या घरामागे खळं होतं, त्याच्या कोपऱ्यात शेवग्याचं झाड होतं, आणि शेवग्यापासून शेजारच्यांच्या विहिरीपर्यंतची वाट दोन्ही घरांची, हे तिला लख्ख आठवतं. झाड नाही, विहीर बुजली. गेल्या पावसाळ्याआधी मी तिला हाताला धरून मागे नेलं. तिने काठी टेकवून जागा दाखवली, मी खडूने खूण केली, शेजारच्या काकांनी मान हलवली. जूनच्या पहिल्या पावसात खडू गेला.